हात सोडायला शिका: ए-३२० चे फ्लाइट कंट्रोल लॉ, पायरीपायरीने

घरच्या सिम्युलेटरवर पहिल्यांदा ए-३२० उडवणाऱ्या माणसाचा हात बघा. रवीने ताक घुसळावं तशी साइडस्टिक फिरत असते. नाक जरा वर गेलं की खाली, जरा खाली गेलं की वर. लँडिंग होईपर्यंत बिचारा घामाघूम होतो आणि म्हणतो, "यापेक्षा ते छोटं सेस्ना सोपं होतं." खरं तर विमान केव्हाचं स्थिर होतं. त्याला हलवत होता तो हाच हात.

हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे: सिम्युलेटरचा नाद लागलेले, कमर्शियल पायलट लायसन्स हातात घेऊन टाइप रेटिंगची वाट बघणारे, किंवा खिडकीजवळ बसून पंखावरचे फ्लॅप मोजणारे. प्रत्येक पायरीला एक प्रयोग आहे. तो वाचून सोडू नका, करून बघा. टाइप रेटिंग करणाऱ्यांनी मात्र आकडे आपल्या कंपनीच्या मॅन्युअलमधूनच घ्यायचे. विमानाच्या उपप्रकारानुसार त्यांत थोडा फरक असतो.

आधी तयारी

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरवर 'फ्लाय-बाय-वायर' नावाच्या गटाने केलेलं ए-३२० निओ फुकट मिळतं. सुरुवातीला ते पुष्कळ झालं. जॉयस्टिक साधी चालेल. उलट इथे साधीच बरी, कारण एअरबसची खरी साइडस्टिकही स्प्रिंगवरची आहे, सोडली की मध्यावर येते आणि पंखावरच्या हवेचा दाब हाताला काहीही सांगत नाही. महागडं योक (चाकासारखं दोन हातांनी धरायचं हँडल) घेऊन ए-३२० शिकायला बसलात तर चुकीचीच सवय लागेल. सेटिंगमध्ये मध्याशी अगदी छोटा मृत पट्टा ठेवा, म्हणजे हात काढल्यावर स्टिकचा सिग्नल खरोखर शून्य होईल. नाहीतर पुढचे सगळे प्रयोग फसतील आणि दोष माझ्यावर येईल.

हवा शांत ठेवा. उंची १५,००० फूट, फ्लॅप-स्लॅट आत, चाकं आत, वेग २५० नॉट.

थोडी पार्श्वभूमीही हवी. जुन्या विमानात पायलटचा हात आणि शेपटीवरचं एलिव्हेटर यांच्यात तारा, कप्प्या आणि हायड्रॉलिक असत. बैलाचा कासरा ओढावा तसं, जितकं ओढाल तितकं तिकडे हलणार. ए-३२० चं पहिलं उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७ चं. डिजिटल फ्लाय-बाय-वायर घेऊन आलेलं ते पहिलं प्रवासी विमान. त्यात स्टिक हलवली की संगणकाला फक्त मागणी पोचते. कुठला पृष्ठभाग किती अंश हलवायचा हे संगणक ठरवतो. हे संगणक सात आहेत: दोन एलॅक, तीन सेक, दोन फॅक. एलॅक आणि सेक वेगवेगळ्या कंपन्यांचे, वेगवेगळ्या प्रोसेसरवर चालणारे. एकाच सॉफ्टवेअरमधली एक चूक सगळ्यांना एकदम आडवं करू नये म्हणून हा खटाटोप. तुमची मागणी कुठल्या नियमाने पुरी करायची, त्या नियमाला म्हणायचं 'लॉ'. सगळं ठीक असताना नॉर्मल लॉ, काही बिघडलं की अल्टरनेट लॉ, त्याखाली डायरेक्ट लॉ.

पायरी १: पडद्यावरच्या हिरव्या रेघा शोधा

समोरच्या मुख्य पडद्यावर, म्हणजे पीएफडीवर, कृत्रिम क्षितिज दिसतं. त्याच्या वरच्या कमानीवर, जिथे विमानाचा कल मोजतात, दोन्ही कडांना दोन-दोन छोट्या हिरव्या रेघा आहेत. अंकगणितातल्या बरोबरच्या चिन्हासारख्या. त्या ६७ अंशांवर असतात. नाकाच्या पट्टीवरही तशाच रेघा दिसतील, वर ३० अंशांना आणि खाली १५ अंशांना. हिरव्या रेघा दिसताहेत म्हणजे विमान नॉर्मल लॉमध्ये आहे. त्यांच्या जागी पिवळसर फुल्या आल्या तर संरक्षणं गेली.

एवढं एक चिन्ह डोळ्याला लावून घ्या. पुढे ज्या अपघातांचा उल्लेख येणार आहे, त्यांतल्या काहींत विमान कोणत्या लॉमध्ये आहे हे पडद्यावर लिहिलेलं होतं, पण ओरडणाऱ्या दहा गोष्टींच्या गर्दीत त्या बारीक खुणेकडे बघायला कोणाला सवड नव्हती.

पायरी २: हात काढून घ्या

ऑटोपायलट बंद करा. स्टिक हलकेच मागे ओढून नाक ५ अंशांवर न्या आणि हात पूर्ण काढा. नाक तिथेच थांबेल. आता ऑटोथ्रस्टही (इंजिनांची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) काढा आणि थ्रस्ट थोडा वाढवा. सेस्नात नाक वर गेलं असतं. इथे ते जागचं हलत नाही.

याचं कारण असं की नॉर्मल लॉमध्ये तुम्ही एलिव्हेटर मागत नाही, तुम्ही 'जी' मागता, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पटीत मोजलेला भार. स्टिक मध्यावर म्हणजे "१ जी दे, आहे त्याच वाटेने चालू दे." मागे ओढली म्हणजे "१ पेक्षा जास्त दे." ही मागणी पुरी करताना शेपटीचा ट्रिम, म्हणजे हात न लावता नाक जागी ठेवणारी जुळवणी, संगणक स्वतःच फिरवतो. तुमच्या उजव्या गुडघ्याजवळचं ट्रिमचं चाक आपोआप गरगरताना दिसेल. त्याला हात लावायचा नाही.

म्हणून हाताची सवय अशी बसवा: थोडं हलवा, सोडा, बघा. पुन्हा थोडं हलवा, सोडा, बघा. 'बघा'ला निदान दोन सेकंद द्या. हा प्रयोग सलग दहा मिनिटं केला तर ताक घुसळणं निम्म्याने कमी होतं, असा माझा अनुभव आहे.

पायरी ३: वळण

आता डावीकडे २५ अंश कल द्या आणि सोडा. कल तिथेच राहील, नाकही खाली पडणार नाही. ३३ अंशांपर्यंत वळणात लागणारा जादा उचलभार संगणक स्वतः भरून काढतो, त्यामुळे मागे ओढायची गरज नाही. इतर विमानांवरून आलेले लोक इथे हमखास ओढतात आणि दोनशे फूट वर जातात.

पुढे ४५ अंशांपर्यंत न्या. स्टिक धरून ठेवावी लागतेय हे जाणवेल, आणि नाकही आता तुम्हालाच सांभाळायचं आहे. सोडलीत तर विमान आपणहून ३३ वर परतेल. ४५ च्या पुढे फ्लाइट डायरेक्टरचे, म्हणजे नाक कुठे न्यायचं ते दाखवणारे, दांडे पडद्यावरून नाहीसे होतात. "आता तू चालव, आम्ही चाललो" असंच काहीसं. स्टिक पूर्ण डावीकडे दाबून धरा: कल ६७ वर थांबेल, त्यापुढे तसूभर नाही.

६७ हा आकडा कुठून आला? उंची राखून ६७ अंशांच्या कलात वळायचं तर साधारण २.५ जी लागतात, आणि फ्लॅप आत असताना या विमानाला परवानगी असलेली वरची मर्यादा २.५ जीच आहे. खालची मर्यादा उणे १. फ्लॅप बाहेर काढले की हीच मर्यादा ० ते २ जी इतकी आवळते. स्टिक कितीही जोरात ओढली तरी संगणक याबाहेर जाऊ देत नाही.

पायरी ४: वेग कमी करा, आणि इथे घाई करू नका

सगळ्या लेखात हा प्रयोग मला सर्वात महत्त्वाचा वाटतो.

पुन्हा १५,००० फूट. थ्रस्ट आयडलवर (किमान ताकदीवर), स्टिकवरून हात बाजूला, डोळे डावीकडच्या वेगपट्टीवर. वेग पडत जाईल. पट्टीवर खालून तीन गोष्टी वर येताना दिसतील. आधी पिवळसर अरुंद पट्टी; तिचं वरचं टोक म्हणजे व्हीएलएस, निवडता येणारा किमान वेग. ऑटोथ्रस्ट चालू असता तर त्याने तुम्हाला इथेच थांबवलं असतं. त्याखाली पिवळे-काळे पट्टे. त्यांचं वरचं टोक अल्फा प्रोट. त्याच्याही खाली लाल पट्टा. त्याचं टोक अल्फा मॅक्स.

अल्फा म्हणजे पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन. तो फार वाढला की पंखावरून हवा सुटते आणि विमान स्टॉल होतं. स्टॉल कोनामुळे होतो. वेग हा त्या कोनाचा नुसता चुगलखोर.

वेग अल्फा प्रोटला टेकला की लॉ मुकाट्याने बदलतो. आता स्टिक जी मागत नाही, थेट कोन मागते. ट्रिम थांबतो. तुमचा हात बाजूला आहे, म्हणून विमान अल्फा प्रोटचा कोन धरून ठेवतं आणि त्यासाठी नाक खाली घालतं. या अवस्थेत कलही ४५ च्या वर जाऊ देत नाही. स्टॉल झाला नाही, होणारही नाही.

आता उंचीकडे बघा. आकडा खाली चालला आहे. इंजिनं आयडलवर आहेत, वेग संपलेला आहे, कोन सांभाळला जातोय आणि विमान बुडतंय. ही संरक्षणं पंखाची राखण करतात. उंचीची आणि ऊर्जेची राखण त्यांच्या कामात बसत नाही. दार पक्कं बंद आहे, पण कोठीत धान्य नाही, तशी गत.

याची किंमत ए-३२० च्या अगदी पहिल्या वर्षांतच मोजली गेली. २६ जून १९८८ ला फ्रान्समध्ये म्युलुझजवळच्या हाब्सहाइम विमानतळावर एअर फ्रान्सचं नवंकोरं विमान प्रेक्षकांसमोरून अगदी खालून, अगदी हळू उडवलं गेलं. इंजिनं आयडलजवळ होती. समोर झाडं दिसल्यावर थ्रस्ट दिला, पण जेट इंजिनाला आयडलवरून पूर्ण ताकदीला यायला काही सेकंद लागतात. पायलटने स्टिक ओढली. संगणकाने कोन मर्यादेत ठेवला. विमान सपाट झाडांत शिरलं. विमानातल्या १३६ पैकी तिघांचा जीव गेला.

दुसरी घटना आपल्याकडची. १४ फेब्रुवारी १९९० ला इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० मुंबईहून बंगळूरला उतरत होतं. स्वच्छ दुपार, सारं नीट. ऑटोथ्रस्ट आयडल ओपन डिसेंटमध्ये राहिला, म्हणजे इंजिनं आयडलवर आणि वेग सांभाळायची जबाबदारी नाकाच्या कोनावर. वेग लँडिंगसाठी हवा त्याच्या बराच खाली गेला. चूक उमगेपर्यंत जमीन जवळ आली होती आणि इंजिनांना जागं व्हायला वेळ उरला नव्हता. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. १४६ पैकी ९२ जण गेले. त्यानंतर भारतातली सगळी ए-३२० काही महिने जमिनीवर उभी होती. त्या वेळी या 'संगणकाच्या विमाना'वर घरोघरी वाद रंगले. विमानाने कोन राखला होता. खाली जाण्याचं कारण कोनाच्या हिशेबाबाहेरचं होतं.

या दोन गोष्टी ठाऊक असल्या की प्रयोगात उंचीचा आकडा खाली जाताना बघणं वेगळंच वाटतं. तीनदा करा.

पायरी ५: पूर्ण ओढा

तोच प्रयोग, पण आता अल्फा प्रोट गाठल्यावर स्टिक पार मागे ओढून धरा. कोन अल्फा मॅक्सकडे सरकेल. मध्येच इंजिनं गर्जतील आणि पीएफडीच्या वरच्या पट्टीवर, म्हणजे एफएमएवर, 'ए फ्लोअर' असं लिहून येईल. हा अल्फा फ्लोअर. थ्रस्ट लिव्हर कुठेही असोत, ऑटोथ्रस्ट आपणहून टोगा, म्हणजे पूर्ण ताकद, मागतो. उतरताना १०० फुटांखाली मात्र हा बंद असतो, नाहीतर प्रत्येक लँडिंगला विमान पुन्हा उडायला धावलं असतं.

धोका टळला की एफएमएवर 'टोगा एलके' येतं: टोगा कुलूपबंद. थ्रस्ट लिव्हर मागे ओढून काही होत नाही. थ्रस्ट लिव्हरवरचं ऑटोथ्रस्ट काढायचं बटण दाबल्याशिवाय हे कुलूप उघडत नाही. माझा पहिला अल्फा फ्लोअर सिम्युलेटरवर मुंबईच्या धावपट्टी २७ कडे येताना लागला. वाचलो म्हणून खुश झालो, लिव्हर मागे घेतले, आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात फ्लॅपचा वेग ओलांडून शिट्ट्या ऐकत बसलो. विमान ऐकत नाही म्हणून रागावलो होतो. ते मला एफएमएवर लिहून सांगत होतं.

पूर्ण ओढायची मुभा खऱ्या आयुष्यात कशाला? "टेरेन, पुल अप" असा आवाज आला किंवा विंडशियरमध्ये, म्हणजे अचानक बदलणाऱ्या वाऱ्यात, सापडलात तर. नॉर्मल लॉमध्ये टोगा देऊन स्टिक पार मागे धरायची आणि पंखाची चिंता संगणकावर सोडायची. जुन्या विमानात पायलटला तोच कडा हाताने चाचपावा लागे, डोंगर समोर असताना.

हडसन नदीत १५ जानेवारी २००९ ला उतरलेलं ए-३२० ही याच पायरीची गोष्ट आहे. पक्षी शिरून दोन्ही इंजिनं गेल्यावर कॅप्टन सलेनबर्गर यांनी लगेच एपीयू, म्हणजे वीज देणारं शेपटीतलं छोटं इंजिन, सुरू केलं. वीज शाबूत राहिली आणि विमान नॉर्मल लॉमध्येच राहिलं. शेवटच्या दीडशे फुटांत वेग इतका कमी होता की अल्फाचं संरक्षण जागं होतं. स्टिक मागे होती, स्टॉल झाला नाही. पण चौकशीत हेही निघालं की अगदी शेवटी पायलटने मागितलं तितकं नाक संगणकाने वर येऊ दिलं नाही. १५५ च्या १५५ जण वाचले.

पायरी ६: उलटी बाजू, वेग फार झाला तर

इथे फार रेंगाळायला नको. कमाल वेग ३५० नॉट किंवा मॅक ०.८२. नाक खाली दाबून तो ओलांडा. ऑटोपायलट चालू असेल तर सुटेल, टिंग-टिंग घंटा वाजेल आणि नाक स्वतःहून वर येऊ लागेल. कलाची मर्यादा ४० अंशांवर येते आणि स्टिक सोडली तर पंख सपाट होतात. एवढंच.

पायरी ७: शेवटचे ५० फूट

"सगळं बरोबर करतो, पण धावपट्टीवर विमान दाणकन पडतं." ही तक्रार दर आठवड्याला ऐकतो. कारण असं की जी मागणाऱ्या लॉने लँडिंग करणं अवघड असतं: स्टिक सोडली की विमान आहे त्याच वाटेने तरंगत राहील. म्हणून ५० फुटांवर लॉ बदलतो. तेव्हाचा नाकाचा कोन संगणक लक्षात ठेवतो आणि ३० फुटांपासून नाक मुद्दाम हळूहळू खाली न्यायला लागतो, म्हणजे तुम्हाला नेहमीच्या विमानासारखं हलकेच मागे ओढावं लागेल. ही बनावट जडता माणसाच्या जुन्या सवयीसाठी घातली आहे.

करायचं इतकंच: ५० फुटांपर्यंत पायरी २ चा हात. ३० च्या आसपास स्टिक हलकी मागे, आणि ती तिथेच धरून ठेवा. इथे 'सोडा' नाही. "रिटार्ड" असं विमान म्हणालं की लिव्हर आयडलवर. लोक नेमके इथे जुन्या सवयीने स्टिक सोडतात, नाक खाली जातं आणि दाणकन.

पायरी ८: संरक्षण काढून टाका

आता उंची २०,००० फूट. छतावरच्या पॅनेलवर एडीआर २ आणि एडीआर ३ बंद करा. एडीआर म्हणजे बाहेरच्या हवेचा वेग, उंची, कोन मोजणाऱ्या यंत्रणा. विमानात तीन असतात. एक नंबरचा चालू ठेवला म्हणजे कॅप्टनच्या पडद्यावरचा वेग शाबूत राहतो. दोन गेल्यावर संगणकाला खात्री उरत नाही, आणि ज्याची खात्री नाही त्याच्या भरवशावर पायलटचा हात अडवणं बरोबर नाही. म्हणून तो माघार घेतो. मधल्या ईकॅम पडद्यावर 'अल्टरनेट लॉ, प्रोटेक्शन लॉस्ट' आणि क्षितिजावर हिरव्या रेघांच्या जागी पिवळसर फुल्या.

आता उडवून बघा. कल देताना विमान जास्त चपळ वाटेल, कारण तिथे स्टिक थेट पृष्ठभागांशी बोलते आहे. पण नाक वर-खाली करताना? काहीच फरक नाही. तीच जी-मागणी, तोच आपोआप ट्रिम. या लॉची खोड हीच की हाताला सगळं पूर्वीसारखंच लागतं आणि कुंपण मात्र नसतं.

थ्रस्ट आयडल, उंची धरून ठेवा. वेगपट्टीवर अल्फा प्रोट नाही, त्याऐवजी लाल-काळे पट्टे. तिथे पोचेपर्यंत तुम्ही ओढत राहिलात तर विमान अडवणार नाही. मग रातकिड्यासारखा आवाज आणि "स्टॉल, स्टॉल". सुटका: स्टिक पुढे, कोन कमी, पंख सपाट, स्पीडब्रेक आत आहेत ना बघा, स्टॉल सुटल्यावर थ्रस्ट हळूहळू. आधी थ्रस्ट कोंबू नका. पंखाखालची इंजिनं नाक आणखी वर ढकलतात.

१ जून २००९ ला एअर फ्रान्सचं ४४७ हे रिओहून पॅरिसला निघालेलं ए-३३० अटलांटिकवर असताना वेग मोजणाऱ्या पिटो नळ्यांत बर्फ साचला. वेगाचे आकडे बिनसले, ऑटोपायलट सुटला, विमान अल्टरनेट लॉमध्ये आलं. चालवणाऱ्या पायलटने स्टिक मागे ओढली आणि मागेच ठेवली. स्टॉलची चेतावणी पन्नासहून अधिक सेकंद सलग वाजत राहिली. पुढे वेग ६० नॉटच्या खाली मोजला गेला तेव्हा संगणकाने आकडे अग्राह्य मानून चेतावणीच बंद केली. मग नाक खाली घातलं की ती पुन्हा वाजे, ओढलं की थांबे. २२८ जण गेले. वर्षानुवर्षं नॉर्मल लॉमध्ये उडून हाताला कुंपण गृहीत धरायची सवय लागते, असं मला वाटतं. पायलट मूर्ख होते असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग अंधारात, वेगपट्टी झाकून करून बघावा.

आणि दोन एडीआर बंद करणं हा माझा खेळ नाही. ५ नोव्हेंबर २०१४ ला बिल्बाओहून म्युनिकला जाणाऱ्या लुफ्तहान्साच्या ए-३२१ चे कोन मोजणारे दोन संवेदक चढताना गोठून एका जागी अडकले. संगणकाची समजूत झाली की विमान स्टॉलच्या जवळ चाललंय. त्याने नॉर्मल लॉच्या आज्ञेनुसार नाक खाली घातलं आणि पायलटचं ओढणं धुडकावलं. विमान सुमारे चार हजार फूट खाली आलं. शेवटी वैमानिकांनी एडीआर बंद करून संगणकाला माघार घ्यायला लावली आणि विमान सुखरूप उतरवलं. त्यानंतर युरोपच्या नियामकाने तातडीने पद्धत लागू केली: नाक असं अकारण खाली जात असेल आणि ओढून थांबत नसेल तर एक एडीआर ठेवा, दोन बंद करा. राखणदार भ्रमिष्ट झाला तर त्याला घरी कसं पाठवायचं, तेही शिकायचंच.

पायरी ९: चाकं काढा

अल्टरनेट लॉमध्येच राहून चाकं खाली घ्या. ए-३२० आता डायरेक्ट लॉमध्ये जाईल. पीएफडीवर पिवळसर अक्षरं: 'यूज मॅन पिच ट्रिम'. आता स्टिक म्हणजे कासराच. जितकी हलवाल तितकं एलिव्हेटर, आणि ट्रिमचं चाक तुम्ही फिरवायचं. घरच्या जॉयस्टिकवर ट्रिमसाठी दोन बटणं आधीच नेमून ठेवा, नाहीतर इथे कीबोर्ड शोधत बसाल. थ्रस्टमध्ये बदल केला की नाक हलेल. बदल लहान, ट्रिम लगेच.

गो-अराउंडचा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाण्याचा, सराव मुद्दाम करा. टोगा दिला की नाक झपाट्याने वर जायला लागतं. स्टिक पुढे, आणि त्याच वेळी ट्रिम पुढे. २७ नोव्हेंबर २००८ ला फ्रान्समध्ये पेर्पिन्याँजवळ एका ए-३२० ची चाचणी चालू होती. विमान धुताना कोन मोजणाऱ्या संवेदकांत पाणी शिरलं होतं, ते वर गेल्यावर गोठलं. मुद्दाम वेग कमी केला असताना संरक्षण जागंच झालं नाही आणि तोवर आपोआप ट्रिमने शेपूट जवळजवळ पूर्ण 'नाक वर' नेऊन ठेवली होती. विमान डायरेक्ट लॉमध्ये गेलं, पूर्ण थ्रस्ट दिला गेला, पडद्यावर ट्रिमची सूचना होती. चाक कोणी फिरवलं नाही. विमानातले सातही जण गेले.

याखालीही एक पायरी आहे, सगळे संगणक गेले तर: लाल अक्षरांत 'मॅन पिच ट्रिम ओन्ली', म्हणजे नाक फक्त ट्रिमच्या चाकाने आणि दिशा रडरच्या पॅडलने. वीज परत येईपर्यंत विमान सरळ ठेवण्यापुरतंच ते आहे. गंमत म्हणून पाच मिनिटं करून बघा, उतरवायचा हट्ट धरू नका.

जोडीने उडवत असाल तर

दोन साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नाहीत. दोघांनी एकदम हलवल्या तर संगणक बेरीज करतो: एकाने पूर्ण ओढली, दुसऱ्याने पूर्ण दाबली, तर उत्तर शून्य. "ड्युअल इनपुट" असा आवाज येतो. ताबा घ्यायचा तर स्टिकवरचं लाल बटण दाबून धरायचं आणि तोंडाने "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं. ४० सेकंद धरलं तर दुसरी स्टिक निकामी राहते, दोहोंपैकी कोणत्याही स्टिकवरचं बटण पुन्हा दाबेपर्यंत.

बोइंगकडे गेलात तर

१९९५ पासून सेवेत असलेलं ७७७ आणि नंतरचं ७८७ हीही फ्लाय-बाय-वायर, पण घराणं वेगळं. समोर योक, दोन्ही जोडलेली. ट्रिम तुम्ही करायचा, आणि तो करताना तुम्ही खरं तर वेग निवडता. ३५ अंशांच्या पुढे कल द्यायला गेलात तर योक विरोध करतं, हाताला जड लागतं, पण जोर लावला तर जाऊ देतं. एअरबस कुंपण घालते, बोइंग हात धरून "नको जाऊस" म्हणते. मला नवशिक्यासाठी एअरबसची रीत सोपी वाटते आणि मुरलेल्यासाठी बोइंगची. यावर पायलट मंडळी रात्रभर भांडू शकतात.

एक गल्लत मात्र टाळा. ७३७ मॅक्स हे ७७७ सारखं फ्लाय-बाय-वायर विमान नाही. २९ ऑक्टोबर २०१८ आणि १० मार्च २०१९ चे अपघात, ज्यांत मिळून ३४६ माणसं गेली, ते एमकॅस या ट्रिम फिरवणाऱ्या फंक्शनमुळे घडले. ते त्या वेळी कोन मोजणाऱ्या एकाच संवेदकावर विसंबून होतं आणि पुन्हा पुन्हा नाक खाली ढकलत होतं. वर बघितलेल्या एअरबसच्या लॉंशी त्याची तुलना करायची असेल तर आधी एवढंच विचारा: किती संवेदकांचं ऐकलं जातं, आणि पटेनासं झालं तर यंत्रणा माघार घेते की रेटत राहते?

पहिल्या आठवड्यात पायरी २, ३ आणि ७. दुसऱ्यात ४ आणि ५. आठवी आणि नववी त्यानंतर, आणि दर वेळी सुरू करण्याआधी क्षितिजाकडे बघून मोठ्याने सांगा: हिरव्या रेघा, की फुल्या.